फ्लॅट बघण्याआधी सिबिल बघा: पहिल्यांदाच गृहकर्ज घेणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईत घर घेणाऱ्यांचा क्रम बहुतेक वेळा ठरलेला असतो. रविवारी साइट बघायची, आवडली की टोकन द्यायचं, बिल्डरच्या ऑफिसात बसलेल्या एजंटाकडे कर्जाची कागदपत्रं सोपवायची आणि अर्ज बँकेत गेल्यावर कळतं की सिबिलमध्ये अडकलंय. तोवर टोकन गेलेलं असतं, घरात पेढे वाटून झालेले असतात आणि दुरुस्तीला हातात वेळ उरलेला नसतो. माझं आग्रहाचं सांगणं एवढंच की हा क्रम उलटा करा. घरं बघायला लागण्याच्या किमान सहा महिने आधी स्वतःचा क्रेडिट अहवाल, म्हणजे तुमच्या कर्जांचा आणि हप्त्यांचा इतिहास, काढा आणि शेवटच्या पानापर्यंत वाचा. बिघडलेलं बरंचसं दुरुस्त होतं, पण त्याला महिने लागतात. टोकन दिल्यावर ते महिने मिळत नाहीत.

आधी थोडी ओळख

२००५ च्या क्रेडिट माहिती कंपन्यांच्या कायद्याखाली आपल्याकडे चार कंपन्या चालतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. तुमचं प्रत्येक कर्ज आणि क्रेडिट कार्ड यांची माहिती बँका, वित्तकंपन्या आणि नागरी सहकारी बँका या चौघींकडे पाठवतात. त्यावरून ३०० ते ९०० च्या दरम्यान एक आकडा निघतो, तोच स्कोअर. प्रत्येक कंपनीची आकडेमोड वेगळी, त्यामुळे चारही ठिकाणी स्कोअर थोडा वेगळा दिसला तर घाबरायचं कारण नाही. गृहकर्जासाठी बहुतेक बँका सिबिलचाच आकडा बघतात.

स्कोअर किती असावा? रिझर्व्ह बँकेने किमान आकडा ठरवून दिलेला नाही, प्रत्येक बँकेचं धोरण वेगळं असतं. व्यवहारात ७५० च्या वर असाल तर बोलणी सोपी जातात. ७०० ते ७५० मध्ये कर्ज मिळतं, पण व्याजदर थोडा चढा लागू शकतो. ६५० च्या खाली सरकारी बँकांची दारं बहुतेक बंद होतात आणि मग चढ्या व्याजाच्या गृहवित्त कंपन्यांकडे जावं लागतं.

एक गैरसमज मात्र आताच दूर करतो. स्कोअरमध्ये तुमचा पगार कुठेच नसतो. महिन्याला दोन लाख कमावणाऱ्याचा स्कोअर ६२० असू शकतो आणि तीस हजार कमावणाऱ्याचा ८००. पगारावरून कर्ज किती मिळणार ते ठरतं. स्कोअरवरून मिळणार की नाही आणि कोणत्या दराने, ते ठरतं.

अर्धा टक्का म्हणजे किती

१ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या व्याजदराची नवी गृहकर्जं बाहेरच्या मानकाशी, म्हणजे बहुतेक वेळा रेपो दराशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो), जोडलेली असतात. रेपो सगळ्यांना सारखाच. त्यावर बँक जी भर घालते तिच्यात तुमच्या जोखमीचा भाग असतो आणि तो स्कोअर बघून ठरतो. स्टेट बँकेसारख्या बँकांच्या व्याजदरात तर स्कोअरचे टप्पेच पाडलेले असतात.

समजा कर्ज ४० लाखांचं आहे, मुदत २० वर्षांची. ८ टक्क्यांनी हप्ता साधारण ३३,४६० रुपये बसतो, साडेआठने ३४,७१०, नऊने ३५,९९०. आठ आणि साडेआठमधला फरक महिन्याला साडेबाराशेच्या आसपास, म्हणून माणूस म्हणतो, चालतंय की. २० वर्षांत तो तीन लाखांवर जातो. आठ आणि नऊमधला फरक सहा लाखांवर. बिल्डरकडून चौरस फुटामागे शंभर रुपये कमी करून घेण्यासाठी आपण तीन-तीन बैठका करतो. त्यापेक्षा मोठी रक्कम इथे पडलेली असते, आणि तिच्यासाठी कुणाशी घासाघीसही करावी लागत नाही.

पहिली पायरी: अहवाल काढा

प्रत्येक कंपनीने दर कॅलेंडर वर्षात एक संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून लागू आहे. कंपन्या चार, म्हणजे वर्षाला चार अहवाल. दर तीन महिन्यांनी एकेकीकडून काढलात तर वर्षभर लक्ष राहतं. पॅन आणि मोबाईलवर येणारा ओटीपी एवढ्यावर काम होतं. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढा. फुकट स्कोअर दाखवणारी ॲप्स तुम्हाला कर्ज विकण्यासाठी तिथे असतात, आणि त्यांच्या पडद्यावर बहुतेक वेळा आकड्यापलीकडे फारसं काही दिसत नाही. आपल्याला पूर्ण पीडीएफ हवी.

स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. ही भीती अजूनही लोकांच्या मनात आहे, ती काढून टाका. तुम्ही कर्ज मागितल्यावर बँक जी चौकशी करते, तिचा परिणाम होतो.

दुसरी पायरी: वाचा, आणि नीट वाचा

स्कोअर ही गुणपत्रिका, अहवाल ही उत्तरपत्रिका. बँकेतला अधिकारी उत्तरपत्रिका उघडून बसतो. ७६० स्कोअर असूनही फाइल परत येते ती याच कारणाने: आत कुठेतरी एक जुनी ओळ असते.

नाव, जन्मतारीख, पॅन आणि पत्ते आधी तपासा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या अहवालात माहेरच्या आणि सासरच्या नावाची खाती कधी कधी नीट जुळलेली नसतात, तिथे खास लक्ष द्या. मग एकेक खातं घ्या. प्रत्येक खातं तुमचंच आहे का? तुमच्या पॅनवर दुसऱ्याच कुणी कर्ज काढल्याचे प्रकार होतात आणि ते पहिल्यांदा इथेच उघडकीला येतात.

सिबिलच्या अहवालात प्रत्येक खात्याखाली मागच्या ३६ महिन्यांची चौकट असते. दर महिन्याच्या घरात हप्ता किती दिवस उशिरा आला ते लिहिलेलं असतं. ००० किंवा एसटीडी म्हणजे सगळं ठीक. ट्रिपल एक्स म्हणजे बँकेने त्या महिन्याची माहिती पाठवली नाही, त्यात तुमचा दोष नसतो. ०३०, ०६० असे आकडे दिसले तर तेवढे दिवस थकबाकी होती. ९० दिवसांपलीकडे गेलेलं कर्ज बँकेच्या हिशोबात बुडीत गटात, म्हणजे एनपीएमध्ये जातं, आणि तशी एखादी ओळ गृहकर्जाच्या अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

खात्यांमध्ये तीन प्रकार असे आहेत की ते आपले आहेत याचा आपल्यालाच विसर पडलेला असतो.

पहिला, जामीन. आपल्याकडे नागरी सहकारी बँकेतून कर्ज काढायचं तर दोन जामीनदार लागतात, आणि चुलतभाऊ किंवा ऑफिसातला सहकारी फॉर्म घेऊन आला की 'नाही' म्हणणं जड जातं. आपण सही करतो आणि विसरतो. पण ते कर्ज तुमच्या अहवालात जामीनदार म्हणून दिसतं. त्याने हप्ते थकवले की डाग तुमच्यावरही पडतो. अशी सही केलेली असेल तर त्या माणसाला आजच फोन करा आणि कर्ज चालू आहे की फिटलं ते विचारा. नवी सही करण्याआधी स्वतःला विचारा: त्याने दिले नाहीत तर हे पैसे मी भरू शकतो का? उत्तर 'नाही' असेल तर सही करू नका. नातं थोडं दुखावेल, पण घराचं स्वप्न वाचेल.

दुसरा, गावाकडचं पीककर्ज. सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे, शेती भाऊ किंवा वडील बघतात, राष्ट्रीयीकृत बँकेतलं पीककर्ज तुमच्या नावावर निघालेलं आहे. दरवर्षी नवं-जुनं केलं, म्हणजे जुनं फेडून नवं घेतलं, तर काही अडत नाही. पण कर्जमाफीची वाट बघत एखाद्या वर्षी ते राहून गेलं की खातं थकीत होतं, आणि हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलाला ते गृहकर्जाच्या अर्जावेळी समजतं. अल्पमुदतीचं पीककर्ज दोन हंगाम थकलं की एनपीए होतं. गावाला फोन करून हे आधी विचारून घ्या, दिवाळीची वाट बघू नका.

तिसरा, मोबाईलवरची बारीक कर्जं. 'आत्ता घ्या, नंतर द्या' म्हणून घेतलेली खरेदी, ॲपवरून उचललेले पाच हजार, हप्त्यावरचा फोन. यातली बरीचशी रीतसर वैयक्तिक कर्जं म्हणून नोंदली जातात. दीडशे रुपये बाकी राहिलेलं एखादं खातंही थकीतच दिसतं.

पतसंस्थेचं मात्र उलटं आहे. तिथलं कर्ज बहुधा अहवालात येतच नाही. त्यामुळे पतसंस्थेचे हप्ते दहा वर्षं वेळेवर भरलेल्या माणसाचा अहवालही कोरा निघू शकतो.

तिसरी पायरी: चुका दुरुस्त करून घ्या

फेडलेलं कर्ज 'चालू' दिसणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक. त्यासाठी ना देय दाखला, ज्याला बँकेत एनओसी म्हणतात, हाताशी लागतो. नसेल तर त्या बँकेत जाऊन तो आधी मागा. मग ज्या कंपनीच्या अहवालात चूक आहे तिच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि त्याच दिवशी संबंधित बँकेलाही लेखी कळवा. दोन्हीकडे लिहायचं, कारण क्रेडिट कंपनी स्वतःच्या मनाने नोंद बदलत नाही. बँकेने होकार दिला तरच बदलते.

यासाठी ३० दिवसांची मुदत आहे. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यायची, असा नियम रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढला आणि तो एप्रिल २०२४ पासून लागू झाला. म्हणून तक्रारीचा क्रमांक आणि तारीख जपून ठेवा. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. १४४४८ वर फोन करून मार्गदर्शनही मिळतं. सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट माहिती कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आहेत. या सगळ्याला पैसे लागत नाहीत.

'पाच हजारात सिबिल क्लिअर करून देतो' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. चुकीची नोंद तुम्ही फुकट काढू शकता आणि खरी नोंद कुणालाच काढता येत नाही. त्यांना पॅन, आधार आणि ओटीपी दिलेत तर नवं संकट ओढवून घ्याल.

चौथी पायरी: जुनी थकबाकी मिटवा, पण सेटलमेंटने नाही

जुनं कार्ड थकलं असेल तर वसुलीवाला म्हणतो, ८० हजार आहेत, ३० हजार भरा, विषय संपवू. मोह पडणं साहजिक आहे. पण तसं केलं की अहवालात खातं 'बंद' न दिसता 'सेटल्ड' दिसतं. त्याचा अर्थ, या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत. क्रेडिट कंपन्यांना माहिती किमान सात वर्षं जपावी लागते, त्यामुळे ही ओळ तुमच्यासोबत बराच काळ राहते. 'राइट ऑफ'चं, म्हणजे बँकेने बुडीत धरून हिशोबातून काढलेल्या खात्याचं, त्याहून वाईट. गृहकर्ज हवं असेल तर शक्य तितकं पूर्ण भरा, दंडात सूट मागा आणि 'पूर्ण परतफेड झाली, खातं बंद' असं पत्र घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता भरू नका. आधीच सेटलमेंट झालेली असेल तर त्या बँकेकडे जाऊन उरलेली रक्कम भरायची तयारी दाखवा. पुष्कळ बँका ती घेतात आणि नोंद बदलून पाठवतात.

पाचवी पायरी: पुढचे सहा महिने

एकही हप्ता चुकवू नका, हे सगळ्यांना माहीत असतं. बारकावा असा की हप्ता बाउन्स झाला आणि दोन दिवसांनी तुम्ही भरला, तर कदाचित तो अहवालात येणार नाही. पण बँकेच्या स्टेटमेंटमध्ये बाउन्स दिसतोच, आणि गृहकर्जाच्या फाइलला सहा महिन्यांचं स्टेटमेंट जोडावं लागतं. हप्त्याच्या तारखेच्या चार दिवस आधी खात्यात पैसे ठेवा.

क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण भरूनही स्कोअर का चढत नाही, हे कोडं अनेकांना पडतं. कार्डाची मर्यादा एक लाख आणि महिन्याला नव्वद हजार वापरले जात असतील तर बिल निघतं त्या दिवशीचा नव्वद हजारांचा आकडाच कळवला गेलेला असतो. मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत वापर ठेवावा असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. वापर कमी होत नसेल तर बिल निघायच्या आधीच थोडे पैसे भरून टाका. जानेवारी २०२५ पासून बँकांना माहिती महिन्याऐवजी किमान दर पंधरवड्याला पाठवावी लागते, त्यामुळे सुधारणा पूर्वीपेक्षा लवकर दिसते. फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर थकबाकीचा शिक्का बसत नाही, पण वापर वाढत जातो आणि व्याज भारी लागतं.

जुनं कार्ड या काळात बंद करू नका, तो तुमचा सगळ्यात लांब इतिहास असतो. नवं काही घेऊही नका: ना गाडी, ना कार्ड, ना हप्त्यावरचा फ्रिज.

ज्यांनी कधी कर्जच घेतलं नाही

'आम्ही आयुष्यात कुणाचं देणं केलं नाही' असं अभिमानाने सांगणारी माणसं बँकेत गेली की त्यांचा अहवाल रिकामा निघतो. स्कोअरच्या जागेवर एनएच (नो हिस्टरी, म्हणजे इतिहासच नाही) किंवा उणे एक असं लिहिलेलं असतं. हा वाईट स्कोअर नाही, स्कोअर नसणं आहे. केवळ इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अर्थ राज्यमंत्र्यांनी लोकसभेत तिचा उल्लेखही केला. बँक नोकरीचा स्थिरपणा, बचत, आयकर विवरणपत्रं बघून निर्णय घेते. तरी हातात वर्षभर असेल तर मुदतठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड घ्या, त्यावर किराणा आणि वीजबिल एवढंच भरा आणि बिल पूर्ण चुकतं करा. परदेशात नोकरी करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथला स्कोअर इथल्या अहवालात येत नाही.

सहअर्जदार कोण

पती-पत्नी मिळून अर्ज केला की दोघांचं उत्पन्न धरतात आणि दोघांचा अहवालही बघतात. एकाचा ८०० आणि दुसऱ्याचा ६१० असेल तर दर ठरवताना खालचा आकडा आड येऊ शकतो. जिचं किंवा ज्याचं उत्पन्न धरायची गरज नाही आणि स्कोअर कमी आहे, त्यांना सहअर्जदार करावं का, हे बँकेत आधी विचारा. मात्र बायकोचं नाव घराच्या मालकीतून केवळ यासाठी काढू नका. मालकी आणि कर्ज यांचा विचार वेगवेगळा करा.

सहावी पायरी: अर्ज

कर्ज किती मिळेल याचं गणित बँका साधारण असं करतात: सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या ४० ते ५० टक्क्यांच्या आत हवेत. चालू असलेला पाच हजारांचा एखादा हप्ता, ८ टक्के आणि २० वर्षांच्या हिशोबाने, तुमची गृहकर्जाची पात्रता जवळजवळ सहा लाखांनी कमी करतो. म्हणून शिल्लक छोटी असेल तर ते कर्ज आधी संपवलेलं बरं.

घराच्या किमतीपैकी किती टक्के कर्ज द्यायचं यालाही मर्यादा आहे: ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० टक्के, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८०, त्याच्या वर ७५. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च साधारणपणे त्या किमतीत धरत नाहीत, तो खिशातून जातो. ही तफावत वैयक्तिक कर्ज काढून भरायचा सल्ला एजंट देतील. ऐकू नका. पात्रताही कमी होते आणि स्कोअरही.

आता पाच बँकांत एकदम अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदली जाते आणि पंधरा दिवसांत सहा चौकशा दिसल्या की हा माणूस पैशासाठी धावतोय असं चित्र उभं राहतं. दर आणि शुल्क तोंडी विचारून घ्या, दोन बँका निवडा, मग अर्ज करा. एजंटाला फाइल देताना 'या बँकेशिवाय दुसरीकडे पाठवायची नाही' हे व्हॉट्सॲपवर लिहून द्या. नाहीतर तुमच्या नकळत ती चार ठिकाणी फिरते.

शक्य असेल तर मालमत्ता ठरण्याआधीच बँकेकडून तत्त्वतः मंजुरी घ्या. किती आणि कोणत्या दराने मिळणार हे समजलं की बिल्डरसमोर बसायला वेगळीच ताकद येते. टोकन देताना 'कर्ज नामंजूर झाल्यास रक्कम परत' हे वाक्य पावतीवर लिहून घ्या. रेरा या बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याने नोंदणीकृत करार करण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

अर्ज फेटाळला गेला तर कारण लेखी मागा आणि त्याच आठवड्यात दुसरीकडे धावू नका. कारण दुरुस्त करा, तीन-चार महिने जाऊ द्या, अहवाल पुन्हा काढा.

मंजुरीनंतर

मंजुरीपत्र हातात आलं की लोक मॉड्युलर किचन आणि सोफा हप्त्यावर घेतात. पैसे बिल्डरला जाण्याआधी बँक अहवाल पुन्हा बघू शकते, आणि नवं कर्ज दिसलं तर मंजूर रक्कम कमी होऊ शकते. घराचा ताबा मिळेपर्यंत थांबा.

दर चढा लागला असेल तर तो जन्मभरासाठी नसतो. दोन वर्षं हप्ते नियमित भरून स्कोअर वर आला की आधी स्वतःच्याच बँकेत दर कमी करण्याचा लेखी अर्ज द्या. नाही म्हणाले तर दुसऱ्या बँकेत कर्ज हलवा. बदलत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तीकडून मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेता येत नाही. नव्या बँकेची प्रक्रिया फी आणि कागदपत्रांचा खर्च तेवढा हिशोबात धरा. कर्जाची बरीच वर्षं बाकी असतील तर हलवणं परवडतं, शेवटची चार-पाच उरली असतील तर बहुतेक वेळा नाही.